राजेसाहेबांचा तराणा आणि दोन इयरफोन

अनसूया घडशीचा निवाडा झाला, तेव्हा पंचाच्या खुर्चीवर मी बसले होते. अटी माझ्यासमोर ठरल्या आणि शेवटचा शब्दही माझ्यासमोरच उच्चारला गेला. म्हणून जे घडले तेच सांगते. पदरचे काही घालत नाही.

पेच असा होता. कनकगड संस्थान केव्हाच विलीन झाले. राजेसाहेबांचा हट्ट तेवढा विलीन व्हायचा राहून गेला होता. गडाखालच्या गायनशाळेत कोणाला बसू द्यायचे, हे अजूनही तेच ठरवीत. अनसूया ही देवळात सनई वाजवणाऱ्या भिवा घडशींची मुलगी. प्रवेशपरीक्षेत ती पहिली आली. परंतु तिच्या गळ्यात लोंबणारे, आठवडी बाजारातले स्वस्त इयरफोन पाहिले मात्र, राजेसाहेब कडाडले, "असल्या खुळखुळ्यांतून जिनं गाणं ऐकलं, तिचा कान कच्चाच असणार! जागा नाही!"

राजेसाहेबांच्या स्वतःच्या कानांत, गाताना स्वतःचा सूर नेमका ऐकू यावा म्हणून गवई मंडळी घालतात त्या 'इन-इअर मॉनिटर' इयरफोनांची जोडी होती. फार महाग नव्हे, मध्यम किमतीची. अतिमहाग घेण्यास खजिना तयार नव्हता आणि स्वस्त घेण्यास मिशा तयार नव्हत्या!

दिवाण त्र्यंबकरावांनी मान डोलावली. मान डोलावणे हेच त्यांचे कामकाज होते.

"राजेसाहेब," अनसूया म्हणाली, "माझी जोडी वाईट, हे आपण ऐकून ठरवलंत की बघून?"

"ऐकायचं काय त्यात? घोडा तो घोडा आणि खेचर ते खेचर!"

"घाट अवघड आला, की घोड्यावरचे सरदारसुद्धा खेचर मागतात, असं म्हणतात."

"फार बोलतेस!" राजेसाहेबांनी लोडावर मूठ आपटली. "मग ऐक. तुझी जोडी माझ्या जोडीपेक्षा चांगली, हे माझ्या तोंडून वदवून दाखव! माझे डोळे बांधायचे नाहीत, जोड्यांची अदलाबदल करायची नाही, आणि सगळं भर बैठकीत व्हायला हवं. जिंकलीस तर शाळेत जागा. हरलीस तर पुन्हा या दाराशी यायचं नाही!"

भिवा घडशींनी मुलीचा हात धरला. "अनसे, घरी चल बाळ. सूर्य पूर्वेला उगवतो, हेसुद्धा त्यांनी अजून कबूल केलेलं नाही!"

अनसूया हलली नाही. "गाणं कोणतं लावायचं?"

"लाव कोणतंही! जगातलं वाटेल ते लाव!"

"बाई, ऐकलंत ना?" अनसूयेने माझ्याकडे वळून विचारले.

"ऐकले," मी म्हणाले. "अट पक्की झाली."

तिने मोबाइल काढला आणि गाणे लावले. ते होते राजेसाहेबांच्याच वाढदिवसाचे ध्वनिमुद्रण! दर वाढदिवशी राजेसाहेब तराणा गात आणि रिवाजाप्रमाणे सारी बैठक 'वाहवा' करी. गेल्या वर्षीचा तराणा उत्तम यंत्रावर मुद्रित करून त्यांनी घरोघर वाटला होता. वाटला सर्वांना, ऐकला मात्र जवळजवळ कोणीच नव्हता, स्वतः राजेसाहेबांनीही नाही.

आधी स्वस्त जोडी त्यांच्या कानांत गेली. तबल्याची ढुमढुम, तिच्यात बुडालेला गळा आणि वर दादेचा पाऊस!

"अरे, हा तर मीच! काय रंगलीय बैठक!" राजेसाहेबांची कळी खुलली. "पण थांब. आता माझ्या जोडीतून ऐकू दे. त्र्यंबकराव, फरक बघा!"

त्यांनी स्वतःची जोडी चढवली. "अहाहा! तंबोऱ्याची तार न् तार वेगळी! याला म्हणतात स्पष्टता!"

मग त्यांचे हसू हळूहळू मावळू लागले.

"हा वरचा षड्ज कोणी लावला?"

"आपणच, राजेसाहेब," अनसूया म्हणाली.

"हा षड्ज आहे?"

"त्याच्या अगदी जवळून गेलात."

"आणि तबलजी मध्येच का थांबतो?"

"तो समेवर पोचलाय. आपली वाट बघतोय."

"दर वेळी?"

"दर आवर्तनाला!"

राजेसाहेबांचे डोळे विस्फारले. "हे 'वाहवा'च्या मागून कोण कुजबुजतंय? 'कधी आटोपणार हे, पुरणपोळ्या गार झाल्या'... त्र्यंबकराव! हा आवाज तुमचा!"

दिवाणजींची मान जागच्या जागी थिजली.

राजेसाहेबांनी आपली जोडी कानांतून उपटली, घाईघाईने अनसूयेची चढवली, आणि दादेचा पाऊस पुन्हा सुरू होताच सुटकेचा निःश्वास सोडला.

"छे! हीच बरी!"

मी विचारले, "कोणती, राजेसाहेब? पूर्ण वाक्यात सांगावे."

"हीच. हिची."

"वाक्य अपुरे आहे."

राजेसाहेब कानांपर्यंत लाल झाले. "हिची जोडी माझ्या जोडीपेक्षा चांगली आहे! झालं समाधान?"

"झाले. अट पुरी झाली."

"थांबा!" ते अनसूयेकडे वळले. "पोरी, आता देवाशपथ खरं सांग. तुला स्वतःला कोणती जोडी चांगली वाटते?"

"आपलीच, राजेसाहेब! तिच्यातून गाणं ऐकू येतं. माझ्या जोडीतून नुसती वाहवा. तो चुकलेला षड्ज मला त्या ढुमढुमीतूनसुद्धा सापडला होता. आपल्याला मात्र तो सापडायला एवढी चांगली जोडी लागली. आता कान कोणाचा कच्चा, ते आपणच सांगा!"

भिवा घडशींनी डोळे मिटून घेतले. मग राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या, पोट हलू लागले, आणि ते इतके खदखदून हसले की लोडावरून घसरून गादीवर आले!

"सापडलो! पुरता सापडलो! घे, ही जोडी तूच घे. शिकणाऱ्याला चुका ऐकू आल्याच पाहिजेत. या वयात मला वाहवा पुरे. तुझी जोडी राहू दे इथं!"

त्याच बैठकीत पुढीलप्रमाणे ठरले. अनसूयेने सोमवारपासून गायनशाळेत बसावे. मध्यम किमतीची जोडी तिची आणि स्वस्त जोडी राजेसाहेबांची. आणि येत्या वाढदिवशी तराणा राजेसाहेबांनी न गाता अनसूयेने गावा. यास राजेसाहेब, भिवा घडशी आणि मी अशा तिघांनी संमती दिली. बैठकीत बसलेल्या त्याच तबलजींनी दोन्ही हात वर केले. त्यांचे मत एकच धरण्यात आले.