पहिलं पाणी

“पण त्याला कळतं काय त्या चित्रांतलं, बुवा?”

मोरेश्वरानं वल्ही थांबवून विचारलं. होडी डुलत राहिली.

 भिवाबुवांच्या मांडीवर डोकं ठेवून भुऱ्या कुत्रा निजला होता. बुवा त्याच्या कानामागं खाजवत होते.

बुवा म्हणजे बैरागी माणूस. मठ नाही, गादी नाही. किनाऱ्यापासून दूर ओसाड बेटांवर आदिमानवानं कातळात चित्रं कोरून ठेवलेली; ती शोधत हिंडायचं, एवढीच त्यांची पूजा. चित्र सापडलं की माती झाडायची आणि रेघांत गोडं पाणी ओतायचं, म्हणजे ते उठून दिसतं. खारं पाणी चालायचं नाही. आणि पहिलं पाणी ओतायचा मान ज्याला चित्र सापडलं त्याचा. ही बुवांची रीत.

आता सापडायचं कुणाला? दर खेपेला भुऱ्याला! रेघांतल्या मातीचा गारवा हुंगत जायचा आणि नेमका चित्रावर जाऊन पसरायचा. मग बुवा त्याचा पंजा तांब्याला लावून पहिलं पाणी ओतायचे.

होडी वल्हवणार मोरेश्वर, कातळ झाडणार मोरेश्वर, आणि मान कुत्र्याला. आयत्या बिळावर नागोबा! चारचौघांत भल्याभल्यांची तोंडं बंद करणारा हा बुवांचा विद्वान शिष्य, पण कुत्र्यावर जळायचा. भाकरीचा पहिला तुकडा भुऱ्याला गेला की याचा घास घशाखाली उतरत नसे.

त्यात बुवांची नजर अधू होत चाललेली. हे बेट शेवटचं, असं त्यांनीच सांगितलं होतं. आज मान मिळाला नाही तर जन्मात मिळायचा नव्हता.

होडी लागली. मोरेश्वरानं दोर हातात घेतला.

“भुऱ्या राहू दे इथंच. वर कातळ तापलाय. पाय पोळतील त्याचे.”

“त्याच्या पायांची काळजी?”

“हो.”

“बरं... बांध.”

एका खडकाच्या सावलीत त्यानं कुत्र्याला बांधलं. भुऱ्या शेपूट हलवत त्याच्याकडे बघत राहिला. मोरेश्वरानं पाण्याची कळशी खांद्यावर घेतली आणि मागं वळून पाहिलं नाही.

वर नुसता सपाट कातळाचा सडा. गवत जळालेलं, वारा पडलेला. बुवा एका दगडावर टेकले. मोरेश्वर रांगत, हातांनी चाचपत सगळा सडा पालथा घालत राहिला. ढोपरं सोलली, बोटं फुटली. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं...

आणि बोटाला रेघ लागली.

“बुवा! सापडलं! मला सापडलं!”

त्यानं माती झाडली. कळशी वाकडी केली. पाणी रेघेतून पळालं. आधी पाऊल उमटलं, मग पोटरी. हा तर माणूस, दोन पुरुष उंचीचा! तो ओतत गेला. कंबर. छाती. पसरलेले हात. डोक्याशी शेवटचा थेंब पडला.

“पहिलं पाणी माझं!” त्यानं कळशी खाली ठेवली. “या बुवा. बघा ना.”

बुवा उठले. चित्रापाशी आले नाहीत. त्यांनी कळशी उचलली आणि पालथी केली.

काहीच पडलं नाही.

“चित्र बघा बुवा! पाणी सुकेल. पुन्हा कधी दिसायचं तुम्हाला?”

“भुऱ्याला काय पाजू?”



बेटावर विहीर नव्हती, झरा नव्हता. होतं ते पाणी त्या कळशीत. आणि खडकाची सावली केव्हाच सरकली असणार...  मोरेश्वर उतारावरून धावत सुटला.

भुऱ्या उन्हात पडला होता. दोर ताणलेला, जीभ वाळूला लागलेली. मोरेश्वराला पाहून त्यानं उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्यानं शेपूट हलवलं.

“अरे, मला चाव की रे,” मोरेश्वर रडकुंडीला आला. “शेपूट कसलं हलवतोस?”

त्यानं अंगावरचं उपरणं समुद्रात बुडवून कुत्र्याभोवती गुंडाळलं. तोवर बुवा धापा टाकत खाली पोचले. वर सड्यावर चित्र सुकत होतं. कुणी त्याचं नावही काढलं नाही.

मोरेश्वरानं होडी अशी हाणली की तळहाताची साल निघाली. किनारा लागताच त्यानं भुऱ्याला उचलून विहिरीपाशी नेलं. पाणी शेंदलं. ओंजळीतून थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडलं. त्याची स्वतःची जीभ टाळूला चिकटली होती, तरी त्यानं पाण्याला तोंड लावलं नाही.

भुऱ्यानं एक घोट गिळला. मग दुसरा. मग सगळी ओंजळ चाटून काढली, मोरेश्वराच्या सोललेल्या हातासकट.

“चुकलो, बुवा,” मोरेश्वर मान खाली घालून म्हणाला. “जळत होतो मी याच्यावर.”

बुवा मान वर न करता भुऱ्याभोवतीचं उपरणं सोडवत राहिले.

“तुमचं शेवटचं चित्रही माझ्यापायी राहिलं.”

 भुऱ्या कसाबसा उठला. बुवांकडे गेला नाही. मोरेश्वराच्या पायावर हनुवटी टेकून त्यानं डोळे मिटले. मोरेश्वर पाय न हलवता बसून राहिला.

“तुम्ही रागावलात, बुवा?”

“रागावू नको तर काय करू?” बुवा फणकारले. “इतकी वर्षं डोकं मी फोडलं, आणि शिष्य झालास तो याचा!”