राखीव रानाचा हुकूम

सातपुड्यातल्या एका संस्थानात राजेसाहेब सरकारी रान कायद्यानं कायमचं राखीव करायला निघाले होते. पण दिवाणांना नव्या महालासाठी तिथलाच साग हवा होता. भर दरबारात ते म्हणाले, "एक झाड तोडलं, तर दहा लावू. मग कायदा कशाला?"

म्हातारा रानरखवालदार गुमान वळवी हात जोडून म्हणाला, "कबूल, दिवाणसाहेब. फक्त आधी दहा लावा. ती या सागाएवढी झाली, की खुशाल तोडा."

राजेसाहेबांनी तिथल्या तिथं हुकमावर सही केली.

सगळ्यांनी गुमानची पाठ थोपटली, पण त्याची मान खालीच राहिली. गेल्या साली दिवाणांनी पूर्वेचा डोंगर बोडका केला, तेव्हाही हेच उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं. नोकरी जाण्याच्या भीतीनं त्यानं ते गिळलं होतं.