अस्वलाच्या पावलांवर चालणारी कोल्ही

‘एका जंगलात’ असं म्हणून गोष्ट सुरू करावी, असं माझ्या फार मनात होतं. पण मुलांनो, ही गोष्ट जिथली आहे तिथं झाडच उगवत नाही, मग जंगल कुठून आणायचं? पृथ्वीच्या पार उत्तरेच्या टोकाशी एक समुद्र आहे. वर्षातले बरेच महिने तो गोठलेला असतो, इतका की माणसं त्याच्यावरून कुत्र्यांच्या गाड्या हाकतात. हिवाळ्यात तिथं सूर्य उगवायचं नाव घेत नाही आणि उन्हाळ्यात मावळायचं. त्या समुद्राच्या काठी, एका टेकाडातल्या बिळात, एक पांढरीशुभ्र कोल्ही राहत असे.

कोल्ही हुशार होती. निदान तिला तसं वाटे. इतर कोल्हे दिवसभर बर्फ उकरून उंदीर शोधत, तेव्हा ही एका पांढऱ्या अस्वलाच्या मागे मागे समुद्रावर जाई. अस्वल सील नावाचा समुद्रातला गुबगुबीत प्राणी मारी, त्याची चरबी तेवढी खाई आणि मांस तसंच टाकून पुढं चालू लागे. मग कोल्ही आणि तिच्यासारखाच आयतोबा असलेला एक डोमकावळा, दोघं त्यावर ताव मारीत. कोल्ही चाले तीही अस्वलाच्या पावलांवरच. एकेक पाऊल ताटाएवढं. तिचे चारही पाय त्यात मावत.

“जो बर्फ एवढ्या जडशीळ अस्वलाला पेलतो, त्याला माझं काय ओझं?” ती म्हणे. बिनतोड आहे की नाही? खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं.

त्याच बर्फावर किनाऱ्याच्या वस्तीतली एक म्हातारी मासे धरायला येई. तिच्या हातात लोखंडी टोकाची लांब काठी असे. ती आधी काठी आपटी, ठक्, आवाज ऐके आणि मगच पाऊल टाकी. पुन्हा ठक्, पुन्हा पाऊल. तिची म्हातारी कुत्री कंटाळून मागं जांभया देई.

एकदा कोल्हीला हसू आवरेना. “आजी, अशानं तुम्ही पोचणार कधी? ते अस्वल बघा, कसं धडाधड चालतं! मी त्याच्याच पावलांवर पाऊल टाकते. ना ठोकणं, ना ऐकणं.”

“तुझं बरं आहे, बाई,” म्हातारी म्हणाली. “मी पाण्यात पडले तर वर येणार नाही. म्हणून ठोकते.”

कोल्ही शेपटी उडवून निघून गेली. म्हातारीच्या बोलण्यात तिच्यासाठीही काही होतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

वसंत आला. बिळात कोल्हीला तीन पिल्लं झाली होती, नुकते डोळे उघडलेली. त्यांना पोटाशी घेऊन ती म्हणाली, “एवढा एक सील झाला की येतेच हं मी!” आणि ती अस्वलामागं निघाली. बर्फ आता ठिकठिकाणी करडा दिसत होता, त्याच्या खालून कुरकुर ऐकू येत होती. कोल्हीनं मान खाली घालून फक्त पावलं पाहिली. एक ताट, दुसरं ताट, तिसरं ताट.

कडाड्!

कोल्हीनं वर पाहिलं आणि ती थिजलीच. पावलं सरळ पुढं गेली होती आणि एका जागी संपली होती. त्यापुढं काळंभोर पाणी होतं. मागं वळून पाहते तो मागंही पाणी! ती एका अंगणाएवढ्या तुकड्यावर उभी होती आणि तो तुकडा हलत होता. डोमकावळा केव्हाच उडाला होता. “अगं, उड की!” तो वरून ओरडला. मग कोल्हीला पंख नाहीत हे त्याच्या लक्षात आलं असावं, कारण तो निघून गेला.

इतक्यात पाण्यातून अस्वलाचं डोकं वर आलं.

“दादा, बर्फ फुटला!” कोल्ही किंचाळली.

“फुटला खरा,” अस्वल शांतपणे म्हणालं.

“पण तुम्ही तर पक्का बर्फ पाहून चालत होतात ना?”

अस्वलाला प्रश्नच कळेना. “मी? मी कशाला पाहू? फुटला तर पोहायचं.”

“म्हणजे इतके महिने... एकदाही नाही पाहिलंत?”

“एकदाही नाही,” अस्वल म्हणालं. “आणि तू माझ्या मागं असतेस, हे तर मला आजच कळतंय.” एवढं बोलून ते पाणी कापीत सीलांच्या दिशेनं गेलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला पोहायला आवडे, एवढंच.

कोल्हीला बर्फ फुटला याचा धक्का होताच. पण ज्याच्यावर आपण जिवाचा भरवसा टाकला त्यानं कधी खाली पाहिलंच नव्हतं, हा धक्का त्याहून मोठा होता. मुलांनो, मला तर हे सांगतानासुद्धा कसंतरी होतं. तिला बिळातली तीन तोंडं आठवली. ती काहीच न समजता वाट पाहत असतील.

नशीब म्हणायचं, वारा किनाऱ्याकडे वाहत होता. तुकडा हळूहळू अखंड बर्फाच्या कडेशी आला. मध्ये दोन हात पाणी उरलं तेव्हा कोल्हीनं डोळे मिटून उडी मारली. ती कमी पडली. पाणी कानांवरून गेलं, श्वास अडकला, पण नखं कडेत रुतली आणि ती कशीबशी वर चढली. आता किनारा समोर दिसत होता. तरी तिच्यानं पाऊल उचलवेना. कुठला बर्फ पक्का आणि कुठला कच्चा, हे ती कधी शिकलीच नव्हती.

तेवढ्यात ऐकू आलं, ठक्.

म्हातारी घाईनं, पण ठोकत ठोकतच घरी चालली होती. तिच्या मागं बर्फावर काठीचे बारीक बारीक खळगे उमटले होते, दर पावलाला एक. कोल्हीनं पहिला खळगा हुंगला आणि त्याच्याजवळ पाय ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. ओल्या अंगानं कुडकुडत, एकही खळगा न चुकवता, ती मागं मागं चालू लागली.

कुत्री गुरगुरली. म्हातारीनं वळून पाहिलं.

“गप गं,” ती कुत्रीला म्हणाली. “येऊ दे तिला. तिलाही बुडायची भीती आहे, हे तिला आज कळलंय.”

तात्पर्य : वाट दाखवणारा किती मोठा आहे हे पाहू नये, तो पडला तर त्याचं आणि आपलं सारखंच नुकसान होणार आहे का, हे आधी पाहावं.