भिवराबाईने अंगठा दिला नाही

नद्यांवर अजून पूल नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एक मोठी नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांवर मिळून एक राज्य होतं. अलीकडे बाजार आणि घाट, पलीकडे वैद्याचं घर आणि राजवाडा. मध्ये फक्त नाव.

घाटाच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची आळी होती. ही माणसं साऱ्या राज्याची लुगडी आणि पागोटी रंगवायची. नीळ कालवून कालवून त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झालेले असत. त्यांनी रंगवलेलं लुगडं लोकांना चाले, पण त्यांचे हात चालत नसत. घाटावरचे नावाडी रंगाऱ्यांना नावेत घेत नसत.

या आळीत भिवरा नावाची एक तरुण रंगारीण होती. एके दिवशी तिच्या नवऱ्याला साप चावला. त्याला पाठुंगळी घेऊन ती घाटावर धावली. नाव निघायच्या बेतात होती. भिवरानं पदर पसरला, पाया पडली. नावाडी म्हणाला, "निळ्या हातांनी नाव बाटेल." त्याचा तरणा मुलगा हैबती वल्ह्यावर होता. त्यानं बापाकडे पाहिलं आणि वल्हं मारलं. भिवराचा नवरा काठावरच गेला.

भिवरा रडत घरी बसली नाही. तिसऱ्या दिवशी नदी पोहून तिनं पलीकडचा काठ गाठला आणि ओल्या अंगानं राजवाड्यासमोर उभी राहिली. घाटावर काय घडलं ते तिनं साऱ्या दरबारासमोर सांगितलं. म्हाताऱ्या राजानं तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं हुकूम काढला. नावेत, पाणवठ्यावर, बाजारात कुणालाही अडवायचं नाही. आणि कुणी अडवलंच, तर गरिबाला दाद मागता यावी म्हणून त्यानं पाच जणांची एक सभा नेमली. तिचं नाव दिलासा सभा. पाचही जणांनी अंगठा उठवल्याशिवाय तिचा निवाडा पुरा होत नसे.

या सभेनं मोठं काम केलं. रंगारी नावेत बसू लागले. पाणवठे खुले झाले. पुढं वय झाल्यावर भिवरालाच सभेवर पाचवी म्हणून बसवलं. लोक तिला भिवराबाई म्हणू लागले.

पण चांगल्या कामाचीही एक अडचण असते. ते झालं, की करणाऱ्याचे हात रिकामे होतात. सभेकडे तक्रारी कमी येऊ लागल्या. सभापती काही वाईट माणूस नव्हता. मऊ बोलायचा, मुंगीवरही पाय पडू देत नसे. तो म्हणाला, "नावेतून ढकललेल्या माणसाला आपण न्याय दिला. पण शब्दानं ढकललेल्याचं काय? यापुढे ज्याचं मन दुखलं, त्यानंही आपल्याकडे यावं."

भिवराबाईला हे पटलं. 'निळे हात' हे शब्द तिनं जन्मभर ऐकले होते. तिनं आनंदानं अंगठा उठवला.

नियम असा झाला. तक्रार करणाऱ्याला काही त्रास नाही. ज्याच्यावर तक्रार, त्यानं निवाडा होईपर्यंत कामधंदा सोडून सभेच्या ओसरीवर बसून राहायचं. आणि तो खरं बोलला की खोटं, हे विचारायचंच नाही. समोरच्याचं मन दुखलं का, एवढंच पाहायचं.

पहिल्या वर्षी शिवीगाळ करणारे चार जण ओसरीवर बसले आणि लोकांना बरं वाटलं. दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाईकाला बसवलं, कारण त्यानं हलवायाच्या पेढ्यांना वास येतो म्हटलं होतं. मग एका कीर्तनकाराला बसवलं, आळशी माणसाची नक्कल केली म्हणून. नक्कल कुणाची होती ते त्यानं सांगितलं नव्हतं, पण सात जणांना ती आपलीच वाटली. हळूहळू बाजारात बोलणं कमी झालं. माणसं तोंडावर गोड बोलायची आणि घरी जाऊन दार लावून खरं बोलायची.

अशात एका उन्हाळ्यात घाटावरची पोरं आजारी पडू लागली. ओकाऱ्या, पोटात कळा. हैबतीची सहा वर्षांची नात तर अंथरुणाला खिळली. हैबती आता म्हातारा झाला होता, पण जीभ तशीच तिखट होती. भर बाजारात उभा राहून तो ओरडला, "रंगाऱ्यांच्या हौदातलं पाणी नदीत उतरतंय! यांचे हात निळे होतेच, आता आमच्या पोरांची आतडी निळी करणार का?"

आळी पेटून उठली. त्याच संध्याकाळी तक्रार झाली आणि हैबतीला ओसरीवर बसवलं.

भिवराबाईला हे कळलं तेव्हा तिला नवरा गेला तो दिवस आठवला. त्याच घाटावरचा तोच माणूस, आणि शब्दही तेच. 'बरी अद्दल घडेल,' असं तिच्या मनात आलं. पण पाठोपाठ आजारी पोरंही मनात आली. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती हौदांकडे गेली.

त्यातला एक हौद तिच्या भाच्याचा, नरसूचा होता. त्याच्या तळाला हातभर लांब भेग होती. रंग पक्का करायला हिराकसाचा विखारी खार घातलेलं काळं पाणी तिच्यातून झिरपून ओघळीनं नदीकडे चाललं होतं.

"नरसू, हे कधीपासून?"

"झाले तीन महिने, आत्या."

"आणि कुणी बोललं नाही?"

नरसूनं मान खाली घातली. "शेजारची कोंडाई बोलली होती. आळीची बदनामी केली म्हणून आपल्याच लोकांनी तिची तक्रार केली. एकवीस दिवस बसली ओसरीवर. मग कोण बोलणार? तू जा घरी. हैबतीला एकदा गप्प केलं, की भेग आम्ही सावकाश बुजवू."

"कोंडाईच्या निवाड्यावर माझाही अंगठा आहे ना रे?" भिवराबाईनं विचारलं.

"पाचही जणांचा आहे," नरसू म्हणाला.

भिवराबाईला तो निवाडा आठवतसुद्धा नव्हता. रोज इतके कागद समोर येत, की ती अंगठे उठवत जाई.

सभा भरली. सभापती गोड आवाजात म्हणाला, "हैबती, तू या लोकांचं मन दुखावलंस. कबूल?"

"कबूल. पण पाणी—"

"पाण्याचा विषय नाही."

"अहो, माझी नात मरायला टेकलीय!"

"त्याचं आम्हाला वाईट वाटतं. पण ते खरं की खोटं, हे ही सभा विचारत नाही. दुखलं का, एवढंच विचारते." आणि त्यानं निवाड्याचा कागद पुढं सरकवला. हैबतीनं वर्षभर बाजारात तोंड उघडायचं नाही, असं त्यावर लिहिलं होतं. चार अंगठे उठले. कागद भिवराबाईसमोर आला.

ती म्हणाली, "मी अंगठा देणार नाही."

सभा चकित झाली. आळीतला एक म्हातारा ओरडला, "भिवरे, अगं याच माणसानं तुझ्या नवऱ्याला—"

"मला सांगतोस?" भिवराबाई त्याच्याकडे वळली. "मी त्याला माफ केलेलं नाही. तो बोलला तेही मला लागलंय. पण मला एक सांगा. त्या दिवशी मी नदी पोहून गेले आणि दरबारात घाटावरच्यांचं नाव घेतलं, तेव्हा घाटाचं मन दुखलं नव्हतं? आमची बदनामी केली म्हणून तेही ओरडले होते. तेव्हा आपला आजचा नियम असता, तर राजानं मलाच ओसरीवर बसवलं असतं. तुम्ही अजून काठावरच उभे असता."

सभापती हळूच म्हणाला, "भिवराबाई, या बोलण्यानं सभेचं मन दुखलं."

"मग माझी जागा ठरलेलीच आहे," असं म्हणून भिवराबाई उठली, बाहेर गेली आणि ओसरीवर हैबतीपासून चार हात अंतरावर बसली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

ओसरीच्या टोकाला एक कुंभारीण पाठीला पोर बांधून बसली होती. भिवराबाईनं विचारलं, "तू गं काय बोललीस बाई?"

"मी कुठं काय बोलले? बाजारात मडकी मांडू देत नाहीत मला. परगावची म्हणून हाकलतात. दाद मागायला आले, तर चार महिने झाले, माझी सुनावणीच होत नाही. रोज कुणाचं ना कुणाचं मन दुखलेलं असतं."

भिवराबाईनं पदरात तोंड लपवलं. या बाईसारख्यांसाठीच तर ती नदी पोहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी कोंडाई आली आणि भिवराबाईजवळ बसली. म्हणाली, "मला कुणी बोलावलं नाही. पण हौद फुटलाय, हे मला पुन्हा सांगायचंय." मग पेढ्यांचं गिऱ्हाईक आलं. कीर्तनकार आला. एक शिक्षक आला, एक सुईण आली. "आमचंही काही बोलायचं राहिलंय," म्हणत माणसं येत राहिली. तिसऱ्या दिवशी ओसरी भरली, पायऱ्या भरल्या, अंगण भरलं. शिपायाला नावं लिहून घ्यायला कागद पुरेना. आणि गंमत अशी, की कित्येक वर्षांनी माणसं तिथं मोठ्यानं बोलत होती. भांडत होती, हसतही होती.

ही खबर नदीपलीकडे पोचली. म्हातारा राजा तेव्हा हयात नव्हता. गादीवर त्याची मुलगी होती. राणी स्वतः नावेतून आली. तिनं आधी हौद पाहिला, मग अंगणात येऊन सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी तिनं सभापतीला एकच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षात या सभेनं किती अडवलेल्यांना वाट करून दिली?"

सभापतीनं वही चाळली. पुन्हा चाळली. मग त्यानं ती मिटली आणि म्हणाला, "एकालाही नाही, राणीसाहेब. मला वाटत होतं, मी जखमा झाकतोय. मी तोंडं झाकत होतो." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

राणीनं सभा मोडली नाही. ती म्हणाली, "ज्याला अडवलं, मारलं, लुबाडलं, किंवा ज्याच्यावर हात उचलायला कुणी लोकांना चिथावलं, त्यानं इथं यावं. ज्याला शब्द लागला, त्यानं शब्दानं उत्तर द्यावं." आणि सभेत पहिली सुनावणी तिनं कुंभारणीची लावली. त्या आठवड्याच्या बाजारात तिची मडकी मांडलेली सगळ्यांनी पाहिली.

भिवराबाईनंही आपलं उत्तर दिलं. त्याच बाजारात, हैबती उभा होता त्याच जागी उभी राहून ती म्हणाली, "हैबती, पाण्याबद्दल तू खरं बोललास, त्याबद्दल आळी तुझी ऋणी आहे. हातांबद्दल तू हलकट बोललास. त्याची लाज तुझी तुला वाटू दे. मी तुला कुठं बसवणार नाही."

सारा बाजार हैबतीकडे पाहू लागला. तो गर्दीतून वाट काढत घरी निघून गेला.

आळीनं फुटका हौद उपसला आणि नदीपासून लांब नवा खणायला घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी हैबती कुदळ घेऊन तिथं आला. त्याला कुणी हुकूम केला नव्हता. दिवसभर तो खाली मान घालून खणत राहिला. उन्हं उतरल्यावर भिवराबाईसमोर येऊन म्हणाला, "तेव्हा बापाकडे पाहिलं मी. तुझ्याकडे पाहायला हवं होतं." एवढंच बोलला आणि निघून गेला. भिवराबाईनं त्याला माफ केलं की नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण त्या रात्री तिला शांत झोप लागली, असं कोंडाई सांगते.

पावसाळ्याआधी नदीचं पाणी निवळलं. पोरं बरी झाली, हैबतीची नातही घाटावर खेळू लागली. बाजारात पुन्हा पूर्वीसारखा कलकलाट सुरू झाला. त्यात काही शब्द खरे असत, काही खोटे, काही फार बोचरे. पण त्यानंतर राज्यात कुठलाही हौद तीन महिने फुटका राहिला नाही.

बोध: बोचरा शब्द शब्दानं खोडता येतो, पण तो बोलणारं तोंडच बांधलं, तर दुबळ्याची हाकही कुणाला ऐकू येत नाही.