ओलं फडकं

कुंभेरी संस्थानाच्या वाचनालयात ग्रंथपाल गोदूताई सामक या पुस्तक नेणाऱ्याचं नाव पाटीवर लिहीत. पुस्तक परत आलं की ओल्या फडक्यानं नाव पुसत आणि वहीत त्या पुस्तकापुढं फक्त एक रेघ ओढत.

राजाविरुद्ध लिहिलेलं एक पुस्तक दिवाण रंगराव तपासायला घेऊन गेले. आठवड्यानं ते पुस्तक हातात धरून, शिपाई घेऊनच परतले.

"हे कोणी कोणी वाचलं? ज्याचं नाव निघेल, तो आजच तुरुंगात जाईल!"

ताईंनी वही उघडली. पुस्तकापुढं एक्केचाळीस रेघा होत्या.

"रेघा काय दाखवता? नावं दाखवा!"

"नाव एकच आहे," म्हणत ताईंनी पाटी पुढं सरकवली.

"वाच रे!" दिवाण शिपायावर गरजले.

शिपायानं पाटी पाहिली आणि मान खाली घातली. "सरकार, आपलंच आहे."

"पुस्तक अजून आपल्याकडेच आहे ना," ताई शांतपणे म्हणाल्या.

मग दिवाणांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "पुसा."

ताईंनी फडकं फिरवलं, वहीत बेचाळिसावी रेघ ओढली आणि म्हणाल्या, "आता कोणीही विचारलं, तरी तुमचं नाव इथून निघायचं नाही."