फांगकाकांची जीभ

चीनच्या डोंगराळ मुलखातल्या एका गावात हजारभर माणसं राहत. पण गावाला जीभ एकच, असं लोक म्हणत. ती जीभ होती फांगकाकांची.

या गावात जुन्या चहाला फार मान होता. पानं वाफवून, दाबून त्यांच्या भाकरीएवढ्या चकत्या करत, कागदात गुंडाळत आणि कोरड्या, वारा खेळणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवून देत. नवा असताना हा चहा हिरड्यासारखा तुरट लागे. दहा वर्षांनी तुरटपणाची धार जाई. तीस वर्षांनी त्यात सुकवलेल्या बोरांचा, जुन्या लाकडाचा, कधी कापराचा वास उतरे. कोणता चहा कसा मुरला आहे, हे प्यायल्याशिवाय कळत नसे. आणि ते सांगायचा अधिकार फांगकाकांचा. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा, त्याआधी आजोबांचा.

दर शरद ऋतूत चौकात चहाची पारख होई. पंधरा-वीस जाणती माणसं तिपायांवर गोल करून बसत. पेले सगळ्यांना मिळत. पण पेला हाती आला की काका बोलेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही, अशी रीत होती. काका फुर्र करून घोट ओढत, डोळे मिटत आणि निकाल देत. मग सगळे 'वा, वा' म्हणत. सरस ठरलेल्या चहावर काका लाल शिक्का मारत आणि त्याचा सगळा साठा घाटमाथ्यावरच्या धर्मशाळेत जाई. थकलेले, आजारी वाटसरू हिवाळाभर तोच चहा पीत. ज्यानं तो दिला, त्याचं नाव धर्मशाळेच्या दारावर लागे.

एका वर्षी पावसाळ्यात काकांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी झालं. त्यांनी आलं ठेचून नाकाशी धरलं. काही नाही. एकदा घरी भात करपला. काकांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

काकू म्हणाल्या, "आज भांडला नाहीत? बरं वाटत नाही का?"

"वय झालं. भांडणं कमी केलीत," काका म्हणाले.

काकूंनाही त्यांनी खरं सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? गाव ज्याला जीभ म्हणतं, त्याची जीभच गेली तर तो कोण राहिला? हा प्रश्न काकांना तापापेक्षा जास्त छळत होता.

पारखीचा दिवस आला. काकांनी एक युक्ती योजली होती. समोरच्या तिपायीवर लानमावशी बसत. तीस वर्षं त्या चहाच्या चकत्या वाफवत आणि दाबत आल्या होत्या. जीभ तिखट आणि चेहरा उघडा. मनात आलं की लगेच भुवयांवर दिसे. काकांनी ठरवलं, आज त्यांच्या भुवया वाचायच्या.

पहिला चहा आला. पांढऱ्या लवेच्या कळ्यांचा, बारा वर्षांचा. मावशींच्या भुवया जरा वर जाऊन थांबल्या. काका म्हणाले, "गोड आहे. पण अजून कोवळा." सगळे म्हणाले, "वा, वा!"

दुसरा चहा बांबूच्या टोपलीत पंचवीस वर्षं मुरलेला. मावशींनी डोळे मिटले आणि पेला दोन्ही हातांत धरून ठेवला. काका म्हणाले, "भरदार! सुपारीचा वास कसा नेमका उतरलाय." टोपलीतल्या चहाला सुपारीचा वास येतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊकच होतं. सगळे म्हणाले, "वा, वा!"

तिसरा चहा लियाओशेटचा. त्यानं रेशमी फडक्यातून एक काळीभोर चकती काढली आणि सगळ्यांना फिरवून दाखवली. "माझ्या आजोबांनी स्वतःच्या हातानं तळघरात ठेवलेला. साठ वर्षं पुरी झाली."

"तळघरात?" लानमावशी म्हणाल्या. "चहा ठेवला होता का लोणचं?"

लोक हसले. लियाओशेट लाल झाला. "मावशी, तुमचं काम वाफ देणं. पारख काकांना करू द्या."

मावशींनी पेला पुढे केला.

चकती फोडली. रिवाजाप्रमाणे पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं पेल्यात आलं. रंग डाळिंबाच्या रसासारखा गडद. काकांनी घोट घेतला. गरम पाणी. पण रंग सुरेख होता, आणि लियाओशेट टक लावून बघत होता, म्हणून काका थोडंसं हसले. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशींचा पेला ओठांशी अडला होता. क्षणभरानं त्यांनीही काकांकडे पाहिलं आणि त्या हसल्या. काकांचा जीव भांड्यात पडला.

"साठ वर्षं पुरी!" ते म्हणाले. "असा चहा जन्मात एकदा मिळतो."

"वा, वा!" चौक दुमदुमला. एकानं तर दुसरा पेला मागून घेतला.

शिक्का मारण्याआधी किटलीतली पानं पांढऱ्या ताटलीत काढून लोकांना दाखवायची पद्धत होती. ती आता नावापुरतीच उरली होती. ताटली फिरे, पण कोणी बघत नसे. काकांनी सवयीनं एक पान उचललं आणि बोटांत चोळलं. चांगला मुरलेला चहा कितीही जुना असो, त्याचं पान गरम पाण्यात मऊ चामड्यासारखं उलगडतं. हे पान उलगडलं नाही. त्याचा काळा चिखल झाला आणि बोटांना चिकटला. काकांनी दुसरं पान घेतलं. तेही तसंच.

तापानं नाक नेलं होतं. बोटं शाबूत होती. काकांना कळलं, हा चहा मुरलेला नव्हता. तळघराच्या ओलीत बुरशी लागून सडला होता.

लियाओशेट जवळ आला. त्यालाही ताटली दिसली होती. हळूच म्हणाला, "काका, पंधरा माणसं 'वा' म्हणाली. आता पानं कोण बघतो? मारा शिक्का."

त्याचं म्हणणं खरं होतं. कोणी बघत नव्हतं. शिक्का मारला की काकांचं नाव राहणार, वडिलांचं राहणार, आजोबांचं राहणार. घाटमाथ्यावर एखादा आजारी वाटसरू हा चहा पिऊन आणखी आजारी पडेल, तेव्हा लोक थंडीला दोष देतील, पाण्याला देतील. फांगकाकांना कोणी देणार नाही. शिक्का हातात होता. शाई लावलेली होती.

काकांनी शिक्का खाली ठेवला.

"हा चहा सडलाय," ते म्हणाले.

चौकात कोणाला काही समजेना. "अहो, आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"म्हणालो. मला कळतच नव्हतं. चार महिने झाले, मला वास येत नाही. चवही नाही. पहिले दोन चहा मी लानचा चेहरा बघून सांगितले. तिसराही."

"माझा चेहरा?" लानमावशी ताडकन उठल्या. "अहो, पहिल्या घोटाला मला मळमळलं! भिजकं गोणपाट पिळून प्यायल्यासारखं झालं. पण तुम्ही हसताना दिसलात. म्हटलं, काका हसतायत म्हणजे माझीच जीभ अडाणी. म्हणून हसले."

"आणि मी तुझं हसू बघून बोललो."

मग एकेकाला कंठ फुटला. एक म्हणाला, त्याला उंदीर मेल्याचा वास आला होता. दुसऱ्याला भिजलेलं कुत्रं आठवलं होतं. ज्यानं दुसरा पेला मागितला होता, तो मान खाली घालून म्हणाला, "मला वाटलं, पहिला पेला पिण्यात माझंच काही चुकलं."

लोक हसले, पण लियाओशेट हसला नाही. "चार महिने गावाला फसवलंत!" तो ओरडला.

"फसवलं," काका म्हणाले. त्यांनी कारण सांगितलं नाही, तापाचं नावही काढलं नाही. त्यांनी शिक्का उचलून लानमावशींपुढे धरला. "आजपासून हा तुझा."

मावशींनी हात मागे घेतले. "मला नको. आज मी घेतला, तर उद्या सगळे माझं तोंड बघत बसतील." त्यांनी क्षणभर विचार केला. मग आपली तिपायी उचलली आणि गर्रकन वळून गोलाकडे पाठ करून बसल्या. "सगळ्यांनी पाठ आत करा, तोंड बाहेर. पुन्हा चहा ओता. ज्यानं त्यानं आपापलं सांगायचं. धाकट्यानं आधी, थोरल्यानं शेवटी."

कुरकुर झाली. थोरल्यांना शेवटी बोलणं काही पसंत पडलं नाही. पण एकेक तिपायी फिरली. तिन्ही चहा पुन्हा आले. लियाओशेटनंही भिंतीकडे तोंड करून आजोबांच्या चहाचा घोट घेतला. तो थुंकला आणि रेशमी फडकं निमूटपणे गुंडाळू लागला.

टोपलीतल्या चहावरून मात्र जुंपली. कोणी म्हणे सुपारी, कोणी म्हणे धूर, कोणी म्हणे पावसात भिजलेला वासा. "तुझ्या नाकात चुलीची काजळी बसलीय!" "आणि तुला तर नाकच नाही!" अशी दुपारभर धमाल चालली. दोनदा पाणी उकळायला ठेवावं लागलं. किटल्या आजवर इतक्या कधी रिकाम्या झाल्या नव्हत्या. इतकी वर्षं गाव काकांचा चेहरा पीत होतं. त्या दिवशी त्यानं चहा प्यायला. अखेर धर्मशाळेसाठी टोपलीतलाच चहा ठरला, तोही दोनच मतांच्या फरकानं.

काकांचा मान गेला. त्यांना पुन्हा कोणी गावाची जीभ म्हटलं नाही. पण तिपायी कोणी काढून घेतली नाही. पुढच्या वर्षीच्या पारखीला काकाही सगळ्यांसारखेच बाहेर तोंड करून तिच्यावर बसले. काकांनी पेला ओठांना लावला. गरम पाणीच होतं. मागे न वळता त्यांनी विचारलं, "लान, कसा आहे गं?"

"बरा आहे," पाठीमागून मावशींचा आवाज आला. "पण गेल्या वर्षी तुम्ही 'जन्मात एकदा मिळतो' म्हणालात, तेवढा काही नाही."

काका मनापासून हसले. ते हसू कोणालाच दिसलं नाही.

तात्पर्य: थोरांचा मान जरूर ठेवावा, पण आपली जीभ त्यांच्या हवाली करू नये; आणि ज्याच्या तोंडाकडे सगळे बघतात, त्यानं 'मला कळत नाही' हे सगळ्यांच्या आधी सांगावं.