उघाडीवर थांबलेली भरती

भाविकहो, वसईच्या उत्तरेला खाडीकाठी मांडवखार नावाचं गाव होतं, तिथे ज्योकीमबाबा राहत त्या काळातली ही हकिकत. बाबा ख्रिस्ती धर्मगुरू. देवळाच्या मागच्या झोपडीत त्यांचा मुक्काम. दारी आलेल्याला बाबा जात विचारत नसत, पाणी विचारत.

गावाची भातशेती खाडीपेक्षा खोलगट. मधे मातीचा बांध, बांधाला उघाडी, म्हणजे पाण्याचं फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पाणी सोडायचं, भरतीआधी फळ्या पुन्हा खाचेत बसवायच्या. पूर्वी हे काम पावलूकडे होतं. एकदा तो दारू पिऊन झोपला, खारं पाणी आत शिरलं, विहिरी नासल्या. त्याच दुःखात तो गेला. त्याची मुलगी कोंसू मात्र तेव्हापासून रोज बांधाला चिखल लिंपायला जाई. कोणी सांगितलं नव्हतं.

उघाडी आता बस्त्यावकडे होती. बस्त्याव म्हणजे गावाचा शहाणा म्हातारा. धर्मशिक्षणाची सगळी उत्तरं त्याला तोंडपाठ.

"अगं, पहिल्या माणसाचं, आदामाचं पाप आपल्या सगळ्यांच्या अंगात आहे," तो चारचौघांत कोंसूला म्हणे. "तुझ्या अंगात वर तुझ्या बापाचंही! चिखल लिंपून ते जाईल होय?"

लोक हसत. कोंसू खाली मान घालून पाटी उचले.

भादव्यातल्या पुनवेचं उधाण होतं. त्या सकाळी बस्त्यावने फळ्या काढल्या आणि मुद्दामच काढलेल्या ठेवल्या. भरतीबरोबर मासळी आत येईल, बांधाआतल्या आपल्या तळ्यात अडकेल, मग लावू फळ्या. धोका त्याला पुरता ठाऊक होता. शेजारी बाप्तिस्म्याचं जेवण होतं. तो पंगतीला बसला आणि गप्पांत रमला.

दुपारी ओरडा ऐकून तो धावला, तेव्हा पाणी घोंगावत आत घुसत होतं. उघाडीत छातीभर पाण्यात कोंसू एकटीच फळी लावत होती. लोंढ्याने फळी फिरली आणि तिचा हात खाचेत चिरडला. तिची किंकाळी बस्त्यावने ऐकली. पण त्याचे पाय हलले नाहीत.

इतक्यात बाबा आले. तसेच पाण्यात उतरले, क्रुसाची खूण केली, म्हणाले, "प्रभो, ही लेकरं तुझीच."

आणि काय सांगावं! खाडीत भरती चढत होती, पण उघाडीच्या तोंडाशी पाणी जागच्या जागी उभं राहिलं! गडीमाणसांनी सगळ्या फळ्या बसवल्या, तोवर एक थेंब आत आला नाही. शेतं वाचली, विहिरी वाचल्या.

मग कोणीतरी म्हणालं, "उघाडी उघडली कोणी? बस्त्याव तर पंगतीला होता. ही एकटीच होती इथे. बापाचीच लेक!"

कोंसूने रक्ताळलेला हात लुगड्यात गुंडाळला होता. बाबांनी बस्त्यावकडे पाहिलं. बस्त्यावने मान फिरवली.

"हाडवैद्याकडे न्यायचंय, कोणी गाडी जुंपता का?" बाबांनी विचारलं. कोणी पुढे आलं नाही. बस्त्यावच्या गोठ्यात बैलजोडी उभी होती. बाबा कोंसूला आधार देत चालतच घेऊन गेले. पोचेपर्यंत हात सुजून टरारला. हाड नीट बसलं नाही.

बाबा परतल्याचं कळताच बस्त्याव झोपडीत गेला.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत?"

"ते बोलणं तुझं होतं."

"माझ्याच्याने झालं नाही, बाबा. माणसाचा स्वभावच पतित. आदामापासून..."

"आदामाने तुला दुबळं केलं, बस्त्याव," बाबा हळूच म्हणाले. "फळ्या काढून ठेव, असं त्याने सांगितलं नव्हतं."

बस्त्याव रडू लागला. "ज्या देवाने पाणी थांबवलं, त्याने मला का नाही थांबवलं?"

"पाण्याला इच्छा नसते रे. त्याला हुकूम पुरतो. तुला देवाने विचारलं. सकाळी विचारलं, दुपारी बांधावर विचारलं. आताही विचारतोय."

"तिचा हात तरी बरा करा!"

बाबांचे डोळे भरून आले. "वाटभर तेच मागत आलो. मिळालं नाही."

रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर बस्त्याव देवळाच्या पायऱ्यांवर उभा राहिला आणि साऱ्या गावासमोर म्हणाला, "उघाडी मी उघडी ठेवली. कोंसूने गाव वाचवलं. मी गप्प राहिलो, म्हणून तिचा हात गेला." गर्दीत कोणी कोणाकडे पाहीना. त्या दुपारी गाडी न जुंपलेले सगळे तिथेच होते.

बस्त्याव बाबांच्या पायांशी वाकला. बाबा मागे सरले आणि त्यांनी कोंसूकडे बोट दाखवलं. तेव्हा तो गर्विष्ठ म्हातारा त्या पोरीपुढे गुडघे टेकून बसला.

"उठा, बस्त्यावकाका," ती म्हणाली. "माझा राग नाही."

पण तिच्या हाताची बोटं पुन्हा कधी उघडली नाहीत. बांधाला चिखल आता बस्त्याव लिंपू लागला. कोंसू दिसली की पाटी खाली ठेवून तो वाके. ती दरवेळी नको म्हणे, आणि तो दरवेळी वाके.